घडी न मोडलेला टॉवेल

सामन्याच्या दिवशी प्रॉसरांच्या घरातून दोन बॅगा निघत, एक इडवालची आणि एक हेडनची. दोन्हींत सामान सारखंच: पांढरी चड्डी, घरी विणलेले लाल मोजे, बूट, साबणाची वडी आणि टॉवेल. लाल जर्सी तेवढी वेल्सच्या रग्बी युनियनची, ती कार्डिफला पोचल्यावर मिळायची. बाकी सगळं मार्गेडच्या हातचं. संध्याकाळी इडवालची बॅग चिखलाने जड होऊन यायची. हेडनची मात्र जायची तशीच परत यायची, आतल्या टॉवेलची घडीसुद्धा मार्गेडने घातलेली तीच. नऊ सामन्यांना ती बॅग गेली आणि नऊ वेळा तशीच आली. दर वेळी मार्गेडने ती घडी मोडली आणि कोरडा टॉवेल पाण्यात बुडवला, का तर सोमवारी दोरीवर दोन्ही लेकांचे टॉवेल दिसावेत. आमच्या गल्लीतल्या बायका वर्तमानपत्र वाचत नसत, दोरी वाचत.

त्या काळी राखीव गड्याचं जिणं तसंच होतं. सामना एकदा सुरू झाला की संपलं. मैदानात कुणाचा पाय मोडला तरी उरलेल्या चौदांनी खेळायचं आणि राखीव गड्याने ओव्हरकोटाची कॉलर वर करून बघत बसायचं. त्याला संधी एकच, सामन्याआधी कुणीतरी अंथरूण धरावं. आणि ती मखमलीची गोंडेवाली टोपी, वेल्सकडून खेळल्याची खूण, ती मैदानात उतरणाऱ्यालाच मिळायची. काठावर बसणाऱ्याला नाही, मग तो जन्मभर बसो. इडवाल वेल्सचा हुकर. म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीत मधोमध, दोन्ही हात दोन धिप्पाड गड्यांच्या खांद्यांवर टाकून लोंबायचं आणि बॉल पायाने मागे ओढायचा. हेडन त्याच जागेचा राखीव. तेव्हा हेडनला टोपी मिळायची तर इडवालला काहीतरी व्हायला हवं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते कुणी कधी तोंडातून काढलं नव्हतं.

गावाला कसली आलीय लाज. आमच्या खोऱ्यात माणसाच्या नावामागे त्याचा धंदा चिकटवायची रीत आहे. हेडन खाणीत इडवालच्याच पाळीला, त्याच्या शेजारीच कोळसा फोडायचा, पण त्याला सगळे ‘बॅगवाला हेडन’ म्हणत. तोही हसून ओ द्यायचा.

तर त्या शनिवारी, स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्याच्या सकाळी, मार्गेड बॅगा भरत असताना इडवालची बायको मेन्ना जिन्यावरून अनवाणी खाली आली.

“आई, तुमचा तो जुना कॉर्सेट आहे का अजून? हाडंवाला, दोऱ्यांनी कंबर आवळायचा?”

“तुला कशाला? काडी झालीयेस नुसती.”

“मला नाही,” मेन्ना म्हणाली. “इडवालला.”

मार्गेडच्या हातातली साबणाची वडी बॅगेत न पडता जमिनीवर पडली.

“बरगडी,” मेन्ना म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. “गुरुवारपासून. रात्रभर भिंतीला टेकून बसून झोपलाय. झोपलाय कसला, दात खात बसलाय. डावा हात खांद्याच्या वर जात नाही.”

“गुरुवारी खाणीत काही झालं?”

“खाणीत नाही,” मेन्ना म्हणाली आणि थांबली. मग सासूकडे न बघता म्हणाली, “चॅपलमध्ये.”

आता मार्गेडला बसावंच लागलं. चॅपलचा ऑर्गन दुरुस्तीला न्यायचा होता. पाद्रीबुवांनी विचारलं, कोणी आहे का उचलायला, तेव्हा सगळ्या बायकांदेखत हीच ताठ मानेने म्हणाली होती, “माझा इडवाल उचलेल की. वेल्सचं ओझं उचलतो, देवाचं नाही उचलणार?” गुरुवारी इडवालने एक टोक धरलं, पाद्रीबुवांनी दुसरं. पाद्रीबुवांना शिंक आली. शिंकेपुढे धर्माचंही काही चालत नाही. ऑर्गन पायरीवरून सुटला तो इडवालला भिंतीशी दाबूनच थांबला.

“तो म्हणाला, आईला कळू द्यायचं नाही,” मेन्ना म्हणाली. “ती स्वतःला खात बसेल म्हणाला.”

तोवर खुद्द इडवाल जिना उतरत होता, एकेक पायरी, कठड्याला धरून. पुढल्या खोलीतून म्हातारा ट्यूडर आला. खाणीच्या धुळीने त्याची छाती खाल्ली होती. चार पावलं चाललं की थांबून दम घ्यायचा. पण दहा वाजता क्लबची बस कार्डिफला निघायची, आणि तिच्यात आपण नाही असा सामना त्याने लढाईची वर्षं सोडता होऊ दिला नव्हता. मागच्या अंगणातून हेडन आला, हातात बुटांचे दोन जोड घेऊन. सामन्याच्या सकाळी दोघांचेही बूट तोच चकाकवायचा. आपल्या बुटांना चिखल लागणार नाही हे माहीत असूनही आपलेही तितकेच.

“काय झालं?” त्याने विचारलं. “कुणी मेलं का?”

“याला आज कुणीतरी थांबवा,” मेन्ना म्हणाली. “माझं ऐकत नाही. बरगडी मोडलीय याची.”

“मोडली नाही, नुसती दुखावलीय,” इडवाल म्हणाला. “चहा आहे का?”

“हात वर कर बरं.”

“चहाला कशाला हात वर करायला हवा?”

हेडनने बूट खाली ठेवले. त्याच्या मनात काय आलं ते त्याच्या तोंडावर दिसायच्या आत त्याने खाली वाकून बुटाची आधीच बांधलेली नाडी पुन्हा बांधायला घेतली. मार्गेडने ते पाहिलं. आयांना असलं सगळं दिसतं, आणि दिसूनही काही करता येत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. या क्षणी तिला मनापासून वाटत होतं की इडवालने घरी राहावं, आणि ते इडवालच्या बरगडीसाठी वाटतंय की हेडनच्या टोपीसाठी, हे तिचं तिला सांगता येईना. त्याची तिला भीती वाटली.

“अहो, एवढं साधं आहे,” मेन्ना म्हणाली. “हेडन आहेच ना तिथे! नऊ वेळा नुसता जाऊन आलाय बिचारा. आज तो खेळेल. याचं अंग वाचेल, त्याला टोपी मिळेल. वाईट कुणाचं झालं?”

“मेन्ना, मला मध्ये घेऊ नकोस,” हेडन म्हणाला.

“तू मध्येच आहेस! जन्मल्यापासून मध्येच आहेस!”

“जागा सोडली की ती परत मिळत नाही,” इडवाल म्हणाला. तो कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. “एकदा पोट बिघडलं म्हणून माझ्याआधीच्या ग्रिफने सोडली होती. सांग, ग्रिफ आज कुठे आहे?”

“बसमध्ये असेल,” ट्यूडर म्हणाला. “पुढच्या सीटवर. नेहमी माझी जागा बळकावतो.” मग त्याने दम घेतला. म्हातारा दम घ्यायचा तेव्हा सगळे थांबायचे, कारण त्यानंतर तो काहीतरी बोलायचा. “हे बघा, टोपी कुणाच्या डोक्यावर, जागा कुणाची, हे बायकापोरांचं बोलणं झालं. मी एकच विचारतो. मोडक्या बरगडीचा इडवाल आणि धड बरगड्यांचा हेडन. वेल्ससाठी आज चांगला कोण?”

मेन्नाने चुलीवरचं तडतडणारं बेकन खाली उतरवलं. ट्यूडरचं हे नेहमीचंच. कुऱ्हाड घालायची आणि मग लाकूड कसं फुटलं ते बघायचं. ‘इडवाल’ म्हटलं तर मेन्नाचा जीव जातो. ‘हेडन’ म्हटलं तर इतकी वर्षं वेल्सच्या स्क्रममध्ये लोंबलेल्या माणसाला त्याच्याच स्वयंपाकघरात बाद केल्यासारखं होतं. आणि हेडनला आतून ठाऊक होतं की बाबांनी हा प्रश्न धड बरगड्यांच्या इडवालबद्दल कधी विचारलाच नसता. तिथे उत्तर ठरलेलं होतं.

सगळे मार्गेडकडे बघायला लागले.

“माझ्याकडे बघू नका,” ती म्हणाली. “मागच्या वेळी मी तोंड उघडलं तेव्हा ऑर्गन पडला.” आणि ती वर जाऊन कपाटाच्या तळातून कॉर्सेट घेऊन आली. फिकट गुलाबी, तिच्या लग्नातला.

तो घातला हेडननेच. इडवाल टेबलाला धरून उभा राहिला आणि हेडनने मागून एकेक दोरी ओढली.

“श्वास सोड.”

“सोडला.”

“सगळा सोड. थोडा कशाला ठेवतोस, मुलांना द्यायला?”

“हसवू नकोस रे, मर मेल्या, दुखतं.”

“आई, याची कंबर बघ. तू लग्नात इतकी बारीक होतीस?”

“याहून बारीक होते,” मार्गेड म्हणाली, आणि त्या सकाळी पहिल्यांदा सगळे हसले. इडवाल तेवढा नाही. तो टेबलाची कड गच्च धरून हसणं गिळत होता.

“हेडन,” तो हळूच म्हणाला, “रॉडरिकना सांगणार नाहीस ना?” मिस्टर रॉडरिक म्हणजे निवड समितीचे; सामन्याच्या दिवशी शेवटचा शब्द त्यांचा.

“मला कोण विचारतंय?” हेडन म्हणाला. ते खरंही होतं. नऊ सामन्यांत त्याला कुणी, स्टेशनवर पाणी कुठे मिळतं यापलीकडे, काही विचारलं नव्हतं.

निघताना दारात मेन्नाने हेडनची बाही धरली. “खरं सांग. तुला नको आहे टोपी?”

हेडनने आत पाहिलं. इडवाल मार्गेडकडून डोक्यावरून हात फिरवून घेत होता, या वयात.

“हवी आहे,” तो म्हणाला. “इतकी हवी आहे की मला माझीच लाज वाटते. सकाळी तू बरगडी म्हणालीस ना, मेन्ना, तेव्हा माझ्या पोटात आधी आनंद झाला. आधी आनंद, मग भाऊ. तेव्हा आज मला काही विचारू नकोस.”

मेन्नाने त्याची बाही सोडली.

“आणि मोज्यांची इलॅस्टिकं घे!” आतून मार्गेड ओरडली. “क्लबकडून खेळतोस तेव्हा दर वेळी त्या मोज्यांचा घोट्यावर ढीग! माणसं म्हणतील, हिला मोजे विणता येत नाहीत.”

“घेतली, घेतली,” हेडन ओरडला. घेतली नव्हती. इलॅस्टिक लावलं की त्याच्या पोटऱ्यांना मुंग्या यायच्या, आणि लहानपणापासून तो तिच्याशी याबाबत खोटं बोलत आला होता. दोघं गेल्यावर मार्गेडला ती कपबशांच्या मांडणीवर पडलेली दिसली.

*

आगगाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या स्टेशनापासूनच डबे गात होते, आणि आमचा डबा गायला लागला की तीन आवाजांत गातो, कुणी सांगावं लागत नाही. इडवालला पाहताच डबा उभा राहिला. जो तो त्याच्या पाठीवर थाप मारायला येऊ लागला आणि हेडन त्याच्या डाव्या बाजूला भिंतीसारखा उभा राहिला. थापा हेडनच्या खांद्यावर पडत होत्या.

“काय बॅगवाला,” कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, “आज तरी उघडणार का बॅग?”

“उघडणार की. सँडविचं आहेत आत.”

डबा हसला. हेडनही हसला. रुळांच्या सांध्यावर गाडीला धक्का बसे तेव्हा इडवालचा चेहरा पांढरा पडे, आणि पुन्हा रंग येईपर्यंत हेडन त्याच्याकडे न बघता बाहेर बघत राही. कोळशाचे ढिगारे जात होते, ओलसर मेंढ्या जात होत्या. पुढच्या वर्षी नीथच्या क्लबातला एकवीस वर्षांचा हुकर पोरगा येणार, हे आता गुपित राहिलं नव्हतं. त्यानंतर राखीव म्हणूनही कुणी बोलावणार नाही. हेडनला वाटलं, एक जोरदार धक्का. बस, एकच, आणि हा स्वतःहूनच म्हणेल, नाही जमत.

पुढचा धक्का आला तेव्हा त्याने नकळत हात पुढे करून भावाची पाठ धरली होती.

*

कपडे बदलायच्या खोलीत चोळायच्या तेलाचा वास भरून राहिला होता. इडवालने भिंतीकडे तोंड करून जर्सी चढवली, म्हणजे गुलाबी काही कुणाला दिसू नये. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून बुटाच्या नाड्या त्याने पाय बाकावर ठेवून बांधल्या. मिस्टर रॉडरिक दारातून हे सगळं बघत होते.  मग ते बाहेरच्या बोळात गेले. दार अर्धवट उघडं राहिलं.

बोळात हेडन होता, ओव्हरकोट घालून, बॅग पायाशी.

“प्रॉसर,” रॉडरिक म्हणाले, “तू भाऊ आहेस, तुला विचारतो. तो आज वाकडा चालतोय. जिना चढताना थांबला. काय झालंय त्याला?”

इडवालला आतून सगळं ऐकू येत होतं. त्याने नाडी हातातच धरून ठेवली. विचारलं, तर विचारलं अखेर. नऊ सामन्यांनंतर हेडनला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं, आणि उत्तर फक्त खरं द्यायचं होतं. खोटं नाही, चहाडी नाही, विचारलं म्हणून सांगितलं. पडत्या फळाची आज्ञा. इडवाल मनात म्हणाला, सांग. त्याला तेव्हा कळलं की हे त्याच्या मनात बराच वेळ होतं.

“काही नाही,” हेडन म्हणाला. “नवे बूट चावतायत. बाकी ठणठणीत आहे.”

“नक्की?”

“घोडा आहे घोडा.”

रॉडरिकच्या बुटांचा आवाज दूर गेला. इडवालने पायातले बूट पाहिले. जुने, पाच वर्षांचे, आज सकाळी हेडननेच चकाकवलेले. खोटं बोलतानाही त्याला बुटांचंच सुचलं होतं.

“हेडन!” त्याने हाक मारली. “आत ये. गाठ सैल झालीय.”

हेडन आत आला. दोघं टॉवेल वाळत घालायच्या कोपऱ्यात गेले आणि इडवालने जर्सी वर केली.

“सैल कुठे आहे? चांगली गच्च आहे.”

“सोड.”

“काय?”

“गाठ सोड.”

हेडन हलला नाही. “वेड लागलंय का? वीस मिनिटं राहिलीत.”

“म्हणून म्हणतो, हात चालव.”

“मी नाही घेणार.” हेडनचा आवाज चिरकला. “इडवाल, ऐक. मी आत्ताच त्यांना सांगितलं—”

“ऐकलं मी.”

“मग? मला अशी नको. तू कनवाळू व्हायचं, मी उतरवलेली जर्सी घालायची, आणि जन्मभर लोक म्हणणार, भावाने दान दिलं. त्यापेक्षा बॅगवाला बरा.”

“दान?” इडवाल म्हणाला, आणि आता खरंच चिडला. चिडल्यावर तो हुबेहूब ट्यूडरसारखा दिसायचा. “गाढवा, दान द्यायला मी काय पाद्री आहे? डावीकडचा गडी माझ्या डाव्या बगलेला धरणार. पहिल्या स्क्रमलाच मी किंचाळणार. मग तुमचा हुकर बाहेर कडेला लंगडत उभा, आणि चौदा जण स्कॉटलंडशी खेळतायत. तिथे बाबा बघतायत. बाबांनी सकाळी एक विचारलं होतं आठवतं? कुणी उत्तर दिलं नाही. मी देतोय.” त्याला दम लागला. “आज तू चांगला आहेस. माझ्यापेक्षा. मी सांगतोय, वेल्सचा हुकर, माझ्याशिवाय कुणाला कळतंय त्यातलं? सोड आता ती गाठ, श्वास घेता येत नाहीये मला.”

हेडनने गाठ सोडायला हात घातला. गच्च बसलेली गाठ सुटेना. शेवटी त्याने ती दातांनी सोडवली.

रॉडरिक संतापले, ते संतापणारच. इडवालने ऑर्गनपासून सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी बाकावरचा गुलाबी कॉर्सेट दोन बोटांनी उचलून पाहिला आणि विचारलं, “हा कुणाचा?”

“आईचा,” दोघं एकदम म्हणाले.

रॉडरिकनाही आई होती. त्यांनी कॉर्सेट खाली ठेवला आणि हेडनला म्हणाले, “बघतोस काय? कपडे बदल.”

*

इडवाल राखीव गड्याच्या जागेवर जाऊन बसला, हेडनचा ओव्हरकोट मांडीवर घेऊन. शेजारच्याने त्याला ओळखलं. “अरे! तू इथे?”

“कोट सांभाळतोय,” इडवाल म्हणाला.

राष्ट्रगीत झालं. हजारो लोक गात होते आणि बरगडीमुळे इडवालला धड गाताही आलं नाही. थंडी वाजायला लागली. खाली असताना इथे वर इतकी थंडी असते हे त्याला कधी कळलंच नव्हतं. हात गरम करायला त्याने कोटाच्या खिशात घातला, तर कागदात गुंडाळलेलं सँडविच. अर्धं. दर सामन्यानंतर परतीच्या गाडीत हेडन त्याच्यापुढे अर्धं सँडविच धरायचा आणि भुकेने वखवखलेला इडवाल ते दोन घासांत संपवायचा. आपल्या वाट्याचं अर्धं खाऊन, हे उरलेलं अर्धं थंडीत बसून कुणी राखून ठेवलंय, असा विचार त्याने एकदाही केला नव्हता.

खाली पहिला स्क्रम लागला. इडवालने सँडविच न खाता पुन्हा गुंडाळून ठेवलं. आज ते हेडनला लागणार होतं.

*

मार्गेडचा नियम असा, की राष्ट्रगीत संपेपर्यंत रेडिओ लावायचा नाही. राष्ट्रगीताने तिला रडू येई आणि मग पिठात मीठ घालावं लागत नाही, असं ट्यूडर म्हणायचा. आज तर ती आणखीच उशीर करत होती. गोड वड्यांचं मनुके घातलेलं पीठ मळून झालं, लाटून झालं, तवा तापला. साखर अजून रेशनच्या कूपनावर होती, तरी तिने मूठभर जास्तच घातली.

“आई, लावा आता,” मेन्ना म्हणाली. “मला नाही सहन होत.”

रेडिओ तापायला वेळ लागला. मग एकदम गर्दीचा गलका आला आणि त्यातून निवेदकाचा आवाज.

“—आणि पुन्हा वेल्सचा बॉल. प्रॉसरने काय चपळाईने ओढलाय!”

मेन्नाने डोळे मिटून घेतले. “खेळतोय. मेला खेळतोयच.”

 मार्गेडने एक वडी तव्यावर टाकली, दुसरी टाकली. तिच्या डोळ्यांपुढे गुलाबी दोऱ्या होत्या. दर स्क्रमला ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थना असावी, पण अधूनमधून पाद्रीबुवांचं नाव येत होतं आणि ते काही प्रार्थनेत शोभण्यासारखं नव्हतं.

“प्रॉसर खाली! प्रॉसर खाली पडलेला आहे—”

मेन्ना उभी राहिली. विणकामाचा गुंडा घरंगळत टेबलाखाली गेला.

“नाही, नाही, उठला. हसतोय चक्क. काय खेळतोय आज हा गडी, जणू वर्षांची भूक काढतोय. आणि मोजे बघा त्याचे! दोन्ही पार घोट्यावर. पंचांनी दोनदा खूण केली, वर घे म्हणून. ओढतो आणि पुन्हा खाली.”

वडी करपल्याचा वास सुटला. मार्गेड तव्याकडे बघतच नव्हती.

इडवाल पाच वर्षांचा होता तेव्हापासून त्याचे मोजे गुडघ्याखाली ताठ. चॅपलमध्ये, शाळेत, मैदानात. त्याचा एक मोजा कधी एक बोटभर खाली आलेला तिने पाहिला नव्हता. आणि दुसरा? त्या दुसऱ्याच्या मागे ती पंचवीस वर्षं इलॅस्टिकं घेऊन धावत होती.

तिने मांडणीकडे पाहिलं. कपांच्या शेजारी दोन इलॅस्टिकं पडली होती.

“मेन्ना,” ती म्हणाली. “तो इडवाल नाही.”

“म्हणजे?”

मार्गेडने नुसतं बोट दाखवलं. मेन्नाने इलॅस्टिकांकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं, पुन्हा इलॅस्टिकांकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा हे पलीकडच्या घरातल्या बाईलाही कळलं नाही. ती भिंत ठोकून विचारायला लागली, काय झालं म्हणून.

“मग इडवाल?”

“बसला असेल, कोट पांघरून. धड आहे तुझा नवरा. आणि शहाणाही झालाय, उशिरा का होईना.”

मेन्नाने सासूच्या गळ्यात हात टाकले. पिठाचे हात बाजूला धरून मार्गेड उभी राहिली, आणि मग तिला रडू आलं. राष्ट्रगीताला येई तसं नाही. हे पोटातून आलं. दोन लेकांपैकी कुणासाठी रडतेय, असं तिला त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर दोघांसाठी, असं ती न चाचरता म्हणाली असती. कित्येक वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

मग तिने एप्रनच्या कडेने तोंड पुसलं आणि करपलेली वडी उलथन्याने काढून टाकली.

“जा, मागे बंब पेटव,” ती म्हणाली.

“आत्ता? आई, अजून अर्धा सामना व्हायचाय!”

“होऊ दे. पाणी तापायला वेळ लागतो,” मार्गेड म्हणाली. “आज हेडनचे कपडे धुवायचेत.”